रविवारची मोटार

हे कामठीला कपाट आणायला गेले आणि मोटार घेऊन आले. इतक्या लोकांना ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की आता सांगताना मला हसू येत नाही. पण सुरुवात तिथूनच आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही धंतोलीत एका बंगल्याच्या मागच्या भागात भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि अंगणाच्या टोकाला घरमालकांच्या जुन्या टांग्याची रिकामी शेड. हे सरकारी कचेरीत नकाशे काढायचे आणि मी सीताबर्डीच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. कामठीला एका म्हाताऱ्या कंत्राटदाराच्या बंगल्यातलं सामान विकायला काढलंय असं ह्यांच्या कानावर आलं. सागवानी कपाट स्वस्तात मिळेल म्हणून हे रविवारी सकाळीच गेले. मी भिंतीजवळची जागा रिकामी केली, ट्रंकेतल्या साड्या पलंगावर काढून ठेवल्या आणि वाट बघत बसले.

संध्याकाळी फाटकाशी ट्रक थांबला. त्यावर दोरखंडानं बांधलेली एक उघडी मोटार होती. टप नव्हता, समोरचे दोन दिवे खोबणीतून लोंबत होते, आणि मागच्या सीटवर कोंबड्यांची पिसं आणि शिट.

"कपाट कुठे आहे?" मी विचारलं.

"अवं, पाह्य तं खरी आधी," हे ट्रकवरून उडी मारून म्हणाले. "गोठ्यात विटांवर उभी होती. त्याईले माहीतच नाही आपल्याजवळ काय आहे ते."

मोटार विलायती होती, माझ्याहून वयानं थोडी मोठी. जिनं ती बनवली ती कंपनी विलायतेतही कधीचीच बंद पडली होती, म्हणजे सुटे भाग मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ह्यांना त्याचाच आनंद झालेला. मी साड्या परत ट्रंकेत भरल्या.

पुढची काही वर्षं आमच्याकडे रविवार असा राहिलाच नाही. सोमवार ते शनिवार मी शाळेत उभी, आणि रविवारी सकाळपासून अंगणात माणसं. पहिले आले ते डोळ्यांचे डॉक्टर. ते धंतोलीतच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची काळी, बंद, मोठी गाडी होती आणि ती ते हातमोजे घालून चालवायचे. शेडमध्ये आमची मोटार उभी आहे हे त्यांना दूधवाल्याकडून कळलं. ते आले, दारात चपला काढून आत गेले, जसं कुणाच्या देवघरात जावं तसं, आणि तासभर बाहेरच आले नाहीत.

त्यांच्या पाठोपाठ आले ते हिंगणेवाले. राहायचे इंदोऱ्याला, पण हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथ खात्याचे प्रमुख होते, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव हिंगणेवाले असंच पडलं. त्यांच्याजवळ लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी फटफटी होती, बाजूला डबा जोडलेली. त्या डब्यात बायको, बायकोच्या मांडीवर मुलगी, असे तिघं भडभड आवाज करत येत. छप्पन साली त्यांच्या घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ते कॉलेजात जायच्या वयाचे होते. फटफटीकडे बोट दाखवून ते हसत हसत सांगायचे, "वैनी, आमच्या घरी जुनं काहीच ठेवलं नाही. सारं सोडून दिलं. हे एकच जुनं म्या घरात आणलं, तं बाबा महिनाभर बोलले नाही माह्याशी."

दसऱ्याच्या आठवड्यात मात्र ते यायचे नाहीत. दीक्षाभूमीवर येणाऱ्या पाहुण्यांनी त्यांचं घर भरलेलं असे, आणि आमच्या शेडमध्ये दसऱ्याच्या दिवशी हे एकटे मोटारीला झेंडूची माळ घालून बसलेले असत.

आणखीही काही जण यायचे-जायचे. कुणाजवळ आजोबांची गाडी होती, कुणाजवळ नुसतीच हौस. सगळ्यांना चहा लागायचा, दहाच्या सुमारास पोहे लागायचे, आणि पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री लागायची. माझ्या धुण्याच्या बादलीला रॉकेलचा वास यायचा. मोरीत ग्रीसचे डाग पडायचे आणि ते सोमवारी पहाटे मी राखेनं घासायची. मोटारीच्या लाकडी सांगाड्याला वाळवी लागलेली होती. तो अख्खा नवा करायला एक हिवाळा गेला. पाण्याच्या पंपाचा एक भाग हिंगणेवाल्यांनी मालकाची परवानगी काढून, पाळी संपल्यावर थांबून कातून आणला. टायर रायपूरहून आले. टप एका ताडपत्रीवाल्यानं शिवून दिला, तो पहिल्यांदा इतका आखूड झाला की मागं बसणाऱ्याचं डोकं उन्हातच राहायचं.

मला दमायला व्हायचं. लोक म्हणायचे, तुम्हाला मूलबाळ नाही, ही मोटार म्हणजे तुमचं लेकरूच. ते ऐकून मला चीड यायची. लेकरू मोठं होतं. ही रोज आणखी म्हातारी होत होती.

ती सुरू झाली तो रविवार मला आठवतो. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. अंगणातून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग एकदम धडधड सुरू झाली, कडुनिंबावरचे कावळे ओरडत उडाले. मी बाहेर धावले. शेड धुरानं भरली होती आणि त्या धुरात डॉक्टर, हिंगणेवाले आणि हे, तिघंही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. ह्यांच्या गालावर काळे ओघळ होते. दूध उतू गेलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. एवढं मी कबूल करते.

त्या हिवाळ्यात आम्ही सगळे रामटेकला गेलो. पुढे डॉक्टरांची काळी गाडी, मध्ये आम्ही, मागे फटफटी. कामठी सोडली तशी थंड हवा अंगावर यायला लागली. मी शाल डोक्यावरून घट्ट गुंडाळून बसले होते. वाटेतल्या गावांतली माणसं रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहत, बायका पदर तोंडाशी धरून हसत. हे एका हातानं भोंगा वाजवायचे. खिंडसीच्या तळ्याकाठी आम्ही डबे उघडले. हिंगणेवाल्यांची बायको माझ्याजवळ येऊन बसली. तोवर आमचं फारसं बोलणं झालेलं नव्हतं.

"ताई, एक सांगू का?" ती हळूच म्हणाली. "आता घरी जायची वेळ झाली न, का मले वाटते, पायीच निघावं. त्या डब्यात बसून बसून हाडं खिळखिळी झाली माही."

"मग त्यांना सांगत काहून नाही?"

"कसं सांगू? किती खुशीत राह्यते ते."

आम्ही दोघी इतक्या हसलो की पुरुष वळून बघायला लागले. परतताना ती मुलीला घेऊन आमच्या मागच्या सीटवर आली, आणि त्यानंतर प्रत्येक सहलीत तिची जागा तीच झाली. हिंगणेवाले रिकाम्या डब्यात स्टेपनी आणि जेवणाचे डबे ठेवून मागून येत. त्यांना त्याचं काही वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

मग पेट्रोल महागलं आणि दर रविवारची सहल महिन्यातून एकदा झाली. तरी माणसं यायची ती यायचीच.

ह्यांना झटका आला तो आषाढात, एका साध्या मंगळवारी. सकाळी मोरीत पडल्याचा आवाज आला. मी गेले तर हे भिंतीला टेकून बसलेले, उजवा हात मांडीवर उलटा पडलेला, आणि माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होते, ते शब्द नव्हतेच. डॉक्टरांनीच त्यांच्या काळ्या गाडीतून इस्पितळात नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, पण एकेक शब्द शोधून आणावा तसं. नोकरी सोडावी लागली. जो माणूस केसाएवढ्या बारीक रेषा काढायचा, त्याचा हात मी उचलून उशीवर ठेवायची.

पहिल्या काही रविवारी सगळे आले आणि पलंगाभोवती बसून गेले. शेडला कुलूप होतं. एका रविवारी डॉक्टर कप ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात आले.

"वहिनी, मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, मेंदूचा नाही," ते म्हणाले. "पण ह्या माणसाला सकाळी उठून बसायला काहीतरी कारण पाहिजे. ती गाडी बंद पडू देऊ नका."

"चालवणार कोण?"

त्यांनी कप माझ्यापुढे केला. त्यांच्याजवळ स्वतःची गाडी होती, हिंगणेवाल्यांना फटफटी आणावी लागे. कुणी दुसऱ्यानं चालवली असती तर हे मागच्या सीटवरच्या पाहुण्यासारखे झाले असते. मी कप विसळत होते. विसळता विसळता मी म्हटलं, "मी शिकते."

मला हौस आली म्हणून नाही. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

हिंगणेवाल्यांनी मला शिकवलं. रविवारी सकाळी हिंगण्याच्या रस्त्यावर कंपनीच्या बसगाड्या नसायच्या, रस्ता रिकामा असे. ते माझ्या शेजारी बसायचे, मागे त्यांची बायको. मी चपला काढून ठेवायची, कारण पायाखालच्या क्लच-ब्रेकच्या पट्ट्या इतक्या लहान होत्या की चपलेनं दोन एकदम दाबल्या जायच्या. पदर कमरेला खोचून मी ते मोठं चाक दोन्ही हातांनी धरायची.

"वैनी, क्लच दाबा. आता सोडा. आता पुन्हा दाबा. आता टाका गिअर."

"दोन-दोनदा काहून?"

"तिले दोनदा सांगा लागते. म्हातारी आहे न, पहिल्यांदा सांगतलेलं तिले ऐकूच येत नाही."

मागून आवाज यायचा, "मले तं हे चारदा सांगते, तरी मी ऐकत नाही."

गिअर टाकताना असा करकर आवाज व्हायचा की सायकलवरची माणसं उतरून बघायची. एकदा मी मोटार थेट एका ज्वारीच्या शेतात नेली. शेतकरी धावत आला, मला बघून थबकला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही चालवून राहिल्या का?" त्याला राग धरताच येईना. त्यानंच ढकलून बाहेर काढून दिली.

लायसन मिळालं. मी ह्यांना पहिल्यांदा घेऊन निघाले तेव्हा आळीतली माणसं दारात उभी होती. हिंगणेवाले आणि डॉक्टर, दोघांनी दोन बाजूंनी धरून ह्यांना उचलून आत बसवलं. ह्यांचा डावा हात दारावर, उजवा आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर पडलेला. गिअरचा दांडा तिथंच होता. प्रत्येक वळणावर तो हात घसरून दांड्याशी यायचा आणि मला गिअर बदलण्याआधी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवावा लागायचा. गिअर नीट पडला की हे मान हलवायचे. करकर झाली की डोळे मिटायचे.

असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. शनिवारी शाळेतून आले की बॅटरी रिक्षात घालून चार्जिंगच्या दुकानात, पाणी बघ, तेल बघ, टायरची हवा बघ. रविवारी ह्यांची आंघोळ, दाढी, इस्त्रीचा सदरा, पाठीमागे उशी. मी दरवेळी तोच प्रश्न विचारायची, "जायचं ना?" आणि हे मान हलवायचे. मग दोघं जण येऊन उचलायचे. तेलंगखेडीपर्यंत, कधी कोराडीपर्यंत, कधी नुसतं सदरच्या बेकरीपर्यंत, जिथं बाकीच्या गाड्या उभ्या असायच्या आणि सगळे बोनेट उघडून आत डोकावत असायचे. परत आलं की पुन्हा उचलणं. मग स्वयंपाक. मग सोमवारच्या वह्या. माझी पाठ रात्री अशी दुखायची की कूस बदलताना मी पलंगाचा काठ धरायची.

शाळेतल्या बायका म्हणायच्या, तुझ्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं. मी हसायची. मला झोप हवी असायची, बाकी काही नाही.

एका मार्च महिन्यात आमच्यातल्या एका संत्र्याच्या दलालानं सगळ्यांना त्याच्या बागेत बोलावलं. बाग काटोल रोडवर, कळमेश्वरच्या पुढे. मृगाच्या बहाराची तोड चालू होती. झाडाखाली सतरंज्या टाकल्या होत्या, भरीत-भाकरी होती, हवी तेवढी संत्री होती. पुरुष त्याच्या अमेरिकन गाडीभोवती जमले. ती एवढी लांब होती की शेडबाहेर तिचं शेपूट राहायचं. ह्यांना खुर्चीवर सावलीत बसवलं होतं. सगळे येऊन त्यांच्याशी मोठ्या आवाजात बोलायचे, जणू ह्यांचे कान गेलेत.

हिंगणेवाले लवकर निघाले, त्यांच्या मुलीची परीक्षा होती. बायकोही त्या दिवशी आली नव्हती. डॉक्टर पुढे गेले. आम्ही शेवटी निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. मध्येच रेडिएटर उकळायला लागला म्हणून मी थांबून जवळचं सगळं पाणी त्यात ओतलं. पुढे थोडं गेलो आणि मोटार दोन आचके देऊन बंद पडली.

काय झालं ते मला कळत होतं. उन्हानं पेट्रोल नळीतच उकळतं, त्याची वाफ होते, इंजिनाला काही पोचत नाही. पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं गुंडाळून थांबायचं असतं. पण ओलं करायला पाणी उरलं नव्हतं.

मी टप वर ओढला, ह्यांच्या डोक्यावर पंचा टाकला आणि शेतातली विहीर शोधत निघाले. एक बाई कपडे धूत होती, तिनं माझा डबा भरून दिला. परत येईपर्यंत चपलेचा अंगठा तुटला. फडकं ओलं करून गुंडाळलं, थांबले, मग पुढे जाऊन हँडल मारलं. नाही. पुन्हा मारलं. नाही. तिसऱ्यांदा हँडल उलटं फिरलं आणि माझ्या मनगटावर असं बसलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पायरीच्या पत्र्यावर बसले. पत्रा तापलेला होता, तरी बसले.

वरून आवाज आला, "पुरे."

"काय पुरे?"

"हे. पुरे वं... आता."

मी उठून उभी राहिले. ह्यांचा चेहरा घामानं भिजला होता.

"आज यायचं नव्हतं का तुम्हाला?"

"आज नाही." थोड्या वेळानं दुसरा शब्द आला. "कधीच नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तसा माझा आवाज चढला. शाळेत वर्गावर चढत नाही इतका. "मग दर रविवारी मान काहून हलवत होते? मी विचारत होते ना? दरवेळी विचारत होते!"

हे डाव्या हातानं पंचा चाचपत राहिले. "कंबर दुखते. उन्हात डोकं. ते... उचलतात. सगळ्यांसमोर. मले नाही आवडत."

"मग?"

"तू शिकली. एवढी... शिकली. रविवारी तुझा चेहरा बरा दिसे." पुढचे शब्द यायला खूप वेळ लागला. "मले वाटे, नाही गेलो तं ही घरात बसून बसून... खंगून जाईन."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. गाडीवाल्यानं मदत हवी का विचारलं, मी हातानंच नको म्हटलं. मला भयंकर राग आला होता. त्यांच्यासाठी म्हणून मी माझं कंबरडं मोडून घेत होते आणि माझ्यासाठी म्हणून हे उन्हात डोकं धरून बसत होते. दोघांना एकदा नीट विचारायला काय झालं होतं?

पण त्या रागाच्या खाली दुसरंही काही होतं. ते मला तिथं, त्या रस्त्यावर, अगदी नको असताना कळलं. हे म्हणाले ते खरं होतं. तिसरा गिअर न वाजता पडला की चाकातून हातात एक थरथर यायची, मग मोटार आपली आपण धावल्यासारखी धावायची, आणि त्या वेळात मला सोमवारच्या वह्या आठवायच्या नाहीत, औषधं आठवायची नाहीत. मी दमले, दमले म्हणत होते आणि दमलेलीही होते. तरी तो वेळ माझा होता. आता तो जाणार, हे कळून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटली.

"विकून टाकू," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. मग लगेच तोंडानंही म्हणाले, "हो." ह्यापुढे नुसती मान चालणार नाही, हे त्यांनाही समजलं असावं.

तासाभरानं बागेतलाच संत्र्यांचा ट्रक आला. ड्रायव्हर आणि हमालांनी ह्यांना उचलून केबिनमध्ये चढवलं. उचलताना एक हमाल म्हणाला, "काकाजी, आपल्या पेट्या यापेक्षा भारी असते," आणि हे चक्क हसले. मोटार दोरानं ट्रकच्या मागे बांधली आणि मी चाक धरून बसले. दुखरं मनगट, नाकात डिझेल आणि संत्री. ट्रकच्या धुळीतून मला समोरचं काहीच दिसत नव्हतं, फक्त दोर ढिला पडला की ब्रेक दाबायचा एवढंच काम होतं. घरी पोचलो तेव्हा माझ्या पापण्यांवरही माती होती.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना चहा दिला आणि सांगून टाकलं. डॉक्टर कप हातात घेऊन बसून राहिले. "मीच तुम्हाला भरीस घातलं, वहिनी," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, त्या वेळी ते बरोबरच होतं. ते खरंही होतं. पहिल्या वर्षी हे मोटारीचं नाव काढल्यावर उठून बसायचे. पुढे कधी ते बदललं ते आम्हा कुणालाच कळलं नाही.

हिंगणेवाले ह्यांच्या पलंगावर बसले. "सांगायचं न गा, भाऊ. आम्ही काय परके होतो?"

"तू घे," हे त्यांना म्हणाले. "मोटार. तू घे."

"नाही भाऊ. माही एकच पुरते मले. तेही आता कुठं चालते? स्कूटरनं जाऊन राहिलो ड्यूटीले."

मोटार संत्र्याच्या दलालानं घेतली. त्याचा धंदा वाढत होता, पुढे त्यानं कळमन्याच्या मंडईत दुकान घेतलं. तो स्वतः न्यायला आला, आणि निघताना ह्यांच्या पाया पडला. मी दारात उभी होते. ती फाटकाबाहेर वळली तेव्हा त्यानं गिअर इतका वाईट टाकला की आत ह्यांनी डोळे मिटले असणार, हे मला न बघता कळलं.

माणसं मात्र येत राहिली. आता ती अंगणात न बसता खोलीत बसत. ह्यांनी डाव्या हातानं पत्ते धरायला शिकून घेतलं होतं, हिंगणेवाले पानं वाटून द्यायचे. आधी कधी बोलले नव्हते इतकं हे त्या काळात बोलायला लागले. राजकारणावर, क्रिकेटवर, माझ्या स्वयंपाकावरसुद्धा. मी रविवारी उशिरा उठायला लागले. पहिले काही रविवार जाग लवकरच यायची, मग मी तशीच पडून राहायची आणि काय करावं ते सुचायचं नाही. हळूहळू झोप लागायला लागली.

ऐंशीचं दशक सुरू झालं आणि एका हिवाळ्यात हे गेले. झोपेतच. नंतर डॉक्टर मुलाकडे परदेशी गेले. जाताना त्यांनी मला हातमोज्यांची जोडी दिली. माझ्या हातांना ती मोठी होत होती.

त्यानंतर काही वर्षांनी कुणी तरुण मंडळींनी कस्तुरचंद पार्कवर जुन्या मोटारींचा मेळावा भरवला. मला बोलावणं आलं, हिंगणेवाल्यांच्या बायकोलाही. हिंगणेवाल्यांचे गुडघे धरलेले, ते आले नाहीत. आम्ही दोघी मांडवात पुढच्या खुर्च्यांवर बसलो. गाड्या ट्रकांवर चढवून आणल्या होत्या, रस्त्यावरून चालत आलेली क्वचितच एखादी. सगळ्या आरशासारख्या चमकत होत्या. तरुण मुलं इंजिनांबद्दल बोलत होती, मन लावून, आणि माझ्याकडे येऊन मोठ्या आदरानं नमस्कार करत होती. आमचीही मोटार होती. दलालानं तिला लाल रंग दिला होता. चांगली ठेवली होती, तक्रारीला जागा नव्हती.

दलाल धावत आला. "वैनी, एक चक्कर मारता का? सगळ्यांले पाहू द्या."

"नको हो," मी म्हटलं. "मनगट अजून धरतं माझं."

तो जरा खट्टू झाला, पण त्याला पाहुण्यांकडे जायचं होतं. भाषणं सुरू झाली. लाउडस्पीकर खरखरत होता. माझे पाय सुजले होते, शेजारी हिंगणेवाल्यांची बायको जांभया देत होती.

"ताई, बक्षिसं कधी देतीन?"

"बराच वेळ आहे अजून."

"मंग चला न. कोणाले कळते?"

आम्ही मांडवाच्या मागून निघालो. फाटकाबाहेर धंतोलीला, माझ्या घरापर्यंत, सायकलरिक्षा केली. वाटेत ती मुलीबद्दल सांगत होती. तिला सदरच्या एका बँकेत नोकरी लागली होती, आता स्थळं बघायची होती, आणि मुलगी म्हणत होती मला स्कूटर घ्यायची आहे. सांगता सांगता तिचं बोलणं मंदावलं. सीताबर्डीच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मी बघितलं, तिची मान माझ्या खांद्यावर आली होती. तिला गाढ झोप लागली होती.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "सावकाश जाऊ दे, बाबा. आम्हाला घाई नाही."